अटक झालेला माणूस कुठे आहे? ठाण्याच्या फलकावरचे नाव आणि आपला हक्क

आंदोलनानंतरच्या पहिल्या रात्री वस्तीत एकच प्रश्न फिरत असतो : आपल्या पोरांना नेले कुठे? तालुक्याच्या ठाण्यात विचारले तर "इथे नाही, जिल्ह्याला विचारा" असे सांगतात. जिल्ह्याला फोन लावला तर "तालुक्याला विचारा". या टोलवाटोलवीत रात्र जाते. वकील मिळेपर्यंत रिमांड होऊन गेलेला असतो.

हा प्रश्न विचारायला कोणाची मेहेरबानी लागत नाही. कोणाला अटक झाली आणि कोणत्या गुन्ह्यात झाली, ही माहिती ठाण्यात सर्वांना दिसेल अशी लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या तरतुदीतून एक महत्त्वाची गोष्ट काढून टाकली, आणि आपल्या चळवळीत तिची जवळजवळ चर्चाच झाली नाही. ती गोष्ट म्हणजे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव.

बाबासाहेबांनी घातलेला पाया

संविधानाचे कलम २२ सांगते की अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे सांगावी लागतील, त्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येईल आणि २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागेल. मूळ मसुद्यात हे कलम नव्हते. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' ही संकल्पना वगळली गेली, त्यावर संविधान सभेच्या आत आणि बाहेर बरीच टीका झाली. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी कलम १५-अ मांडले. तेच पुढे कलम २२ झाले. आपल्या तरुणाला ठाण्यात नेले जाते तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणारे पहिले कलम बाबासाहेबांनी स्वतः सभागृहात मांडलेले आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे.

जुना कायदा काय सांगत होता, नवा काय सांगतो

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेबाबत अकरा निर्देश दिले. त्यातला शेवटचा असा : प्रत्येक जिल्ह्याच्या आणि राज्याच्या मुख्यालयी पोलीस नियंत्रण कक्ष असावा, अटक झाल्यापासून १२ तासांच्या आत अटकेची आणि आरोपीला कुठे ठेवले आहे याची माहिती तिथे कळवली जावी आणि ती ठळक फलकावर लावली जावी.

पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क आले. ते १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झाले. त्यानुसार जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक झालेल्यांची नावे व पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे लावणे सक्तीचे होते. राज्य पातळीवर सर्वसामान्य जनतेसाठी या माहितीचा साठा ठेवणेही बंधनकारक होते.

आता त्या जागी नव्या संहितेचे कलम ३७ आहे. त्यात काही चांगले बदल झाले आहेत. पूर्वी फलक जिल्ह्याच्या ठिकाणी होता, आता तो प्रत्येक पोलीस ठाण्यात हवा. या माहितीची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असला पाहिजे आणि तो सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाखालचा नसावा. माहिती डिजिटल स्वरूपातही दाखवता येते. खेड्यातून जिल्ह्याला जायला ज्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे.

पण अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा लावण्याची सक्ती गेली. जनतेसाठी राज्यस्तरीय साठा ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख गेला. आरोपीला कुठे ठेवले आहे हे फलकावर लिहा, असेही कलमात नाही. म्हणजे आरोपीचे नाव, पत्ता आणि गुन्हा चारचौघांत लागणार, आणि त्याला उचलणाऱ्याचे नाव लागणार नाही. फलक लावण्याचा मूळ हेतू पोलिसांवर लोकांची नजर ठेवण्याचा होता. नव्या रचनेत ती नजर आरोपीकडेच वळते.

अधिकाऱ्याचे नाव पूर्णपणे झाकले गेले आहे असे मात्र नाही. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्याच्या अंगावर वाचता येईल अशी नावाची पट्टी असली पाहिजे. अटकेचा मेमो तयार करून त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घेतली पाहिजे. डी. के. बसूचे निर्देशही नव्या कायद्याने रद्द होत नाहीत. म्हणून १२ तास आणि कोठडीचे ठिकाण या दोन मुद्द्यांवर आजही आग्रह धरता येतो.

नेशोबा काउंटीची ती रात्र

अटकेची माहिती वेळेत न मिळणे किती महाग पडते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतला एक दाखला पाहू. दलित पँथरने १९७२ साली ज्या कृष्णवर्णीय लढ्याकडून नाव घेतले, त्याच लढ्यातला हा प्रसंग आहे.

मिसिसिपी राज्यातली नेशोबा ही छोटी ग्रामीण काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक, पण लोकसंख्येने अनेकदा आपल्या तालुक्याहूनही लहान. तिथला पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ. जून १९६४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीची मोहीम सुरू होती. नेशोबात कृष्णवर्णीयांचे एक चर्च जाळले गेले. त्याची पाहणी करायला जेम्स चेनी, मायकेल श्वर्नर आणि अँड्र्यू गुडमन हे तीन कार्यकर्ते २१ जून रोजी मेरिडियनहून निघाले. "चारपर्यंत परतलो नाही तर शोध सुरू करा," असे त्यांनी कार्यालयात सांगून ठेवले होते.

दुपारी उपशेरीफ सेसिल प्राइस याने त्यांना वेगात गाडी चालवल्याच्या कारणावरून अडवून तुरुंगात टाकले. चार वाजून गेल्यावर कार्यालयातल्या साथीदारांनी आसपासच्या तुरुंगांना फोन लावायला सुरुवात केली. ते तिघे नेशोबाच्या तुरुंगात असूनही त्यांचा पत्ता लागला नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास प्राइसने त्यांना सोडले, रस्त्यात पुन्हा अडवले आणि कू क्लक्स क्लॅनच्या टोळीच्या हवाली केले. तिघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे मृतदेह ४ ऑगस्टला एका मातीच्या बांधाखाली सापडले. १९६७ साली फेडरल खटल्यात प्राइससह सात जण दोषी ठरले. एडगर रे किलन या सूत्रधाराला शिक्षा व्हायला २००५ साल उजाडले.

दुपारपासून रात्री साडेदहापर्यंत ते तिघे कायद्याच्या ताब्यात होते. त्या काही तासांत "होय, ते इथे आहेत" एवढे एक वाक्य बाहेर आले असते तर वकील, पत्रकार, केंद्रीय अधिकारी यांना हालचाल करता आली असती. मिसिसिपीतले कार्यकर्ते म्हणूनच प्रत्येक अटकेची, प्रत्येक मारहाणीची खबर फोनवरून घेत, तारीख आणि वेळेसह टंकलिखित करत आणि वकील व पत्रकारांपर्यंत पोहोचवत.

छोट्या जागेत सगळे एकमेकांना ओळखतात. ठाणेदार, गावातला बडा जमीनदार, पुढारी यांची ऊठबस एकत्र असते. शहरात पत्रकार ठाण्याबाहेर उभा असतो, खेड्यात तो नसतो. म्हणून नोंदीची गरज छोट्या जागेत जास्त असते आणि नोंद मिळणे मात्र तिथेच जास्त कठीण असते. मिसिसिपीला जे लागू होते ते मराठवाड्यालाही लागू होते.

परभणीने काय दाखवले

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर अटकसत्र सुरू झाले. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी अनेक जखमांमुळे आलेला शॉक हे कारण नोंदवले. सरकारने विधानसभेत मारहाणीचा इन्कार केला होता. पुढे ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ३० जुलैला तो आदेश कायम राहिला.

एका आईला गुन्हा नोंदवून घेण्यासाठी न्यायालयात लढावे लागले. ती लढाई उभी राहिली ती वैद्यकीय नोंदीमुळे. तोंडी सांगण्यावर समोरचा पक्ष "असे घडलेच नाही" म्हणू शकतो, कागदावर तसे म्हणणे अवघड जाते. अटकेची वेळ, अटक करणाऱ्याचे नाव, कोठडीचे ठिकाण, कलम ५३ खालची वैद्यकीय तपासणी या नोंदी पहिल्या दिवशीच हातात असतील तर पुढची प्रत्येक लढाई सोपी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर कोणीतरी लिहून ठेवत आहे हे ठाण्याला कळले की आतल्या माणसाला हात लावताना विचार केला जातो.

माहिती कुठे आणि कशी शोधायची

पहिले पाऊल घरातच टाकायचे. किती वाजता नेले, कोणी नेले, गाडीचा क्रमांक काय, हे तिथल्या तिथे लिहून काढा. "चौकशीसाठी बोलावले आहे" असे सांगून माणसाला तासन्‌तास बसवून ठेवायचे आणि अटक दुसऱ्या दिवशीची दाखवायची, हा जुना प्रकार आहे. २४ तास माणूस प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून मोजावेत असे म्हणायचे असेल तर आपल्याकडे वेळेचा पुरावा हवा.

दुसरे, ठाण्यात जाऊन कलम ३७ खाली नेमलेला अधिकारी कोण हे विचारा आणि फलक पाहा. तोंडी बोलून थांबू नका. चार ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. कलम ४८ प्रमाणे अटकेची खबर नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला, तसेच जिल्ह्यातल्या नेमलेल्या अधिकाऱ्यालाही द्यावी लागते आणि कोणाला कळवले याची नोंद ठाण्यातल्या वहीत करावी लागते. त्यामुळे जिल्हा नियंत्रण कक्षाला "आम्हाला माहीत नाही" म्हणता येत नाही. फोनवर उत्तर देणाऱ्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवा.

तिसरे, एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशन प्रकरणात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. इंटरनेटची अडचण असलेल्या दुर्गम भागात ही मुदत जास्तीत जास्त ७२ तास आहे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे याला अपवाद आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून एफआयआर शोधता येतो. पण प्रतिबंधात्मक अटक एफआयआरमध्ये दिसत नाही. मंत्र्याचा दौरा आहे म्हणून कलम १७० खाली कार्यकर्त्यांना उचलले तर एफआयआरच नसतो.

इथे एक विसरलेले कलम कामाला येते. कलम ५९ प्रमाणे ठाणे अंमलदाराने वॉरंटशिवाय अटक केलेल्या सर्व व्यक्तींचा अहवाल जिल्हा दंडाधिकाऱ्याला, किंवा त्याने सांगितल्यास उपविभागीय दंडाधिकाऱ्याला द्यायचा असतो. मग आरोपी जामिनावर सुटलेला असो वा नसो. म्हणजे अटकेची एक नोंद पोलिसांच्या हाताबाहेर, महसूल कार्यालयात असली पाहिजे. प्रांत कार्यालयात जाऊन "आमच्या तालुक्याचे कलम ५९ चे अहवाल येतात का" असे आपण किती वेळा विचारले आहे?

चौथे, न्यायालय. रिमांडच्या वेळी वकील हजर असणे निर्णायक ठरते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० ही मदतवाहिनी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले की अटकेची कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि लगेच देणे शक्य नसेल तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी दिली पाहिजेत. हे प्रकरण वरळीच्या आलिशान गाडीच्या अपघातातले आहे. पण त्यातून मिळालेला हक्क आडगावच्या मजुराच्या मुलालाही तेवढाच लागू आहे. तो वापरायला आपला वकील तिथे हवा, एवढेच.

अत्याचाराच्या गुन्ह्यात हीच माहिती उलट बाजूने लागते

अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवल्यावर पीडित कुटुंबाचा प्रश्न असतो, आरोपी पकडला का? आणि पकडला तर सुटला कधी? गावात आरोपी अचानक समोर दिसतो तेव्हाच जामीन झाल्याचे कळते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हरिराम भांभी प्रकरणात ही सूचना बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. म्हणून अटकेच्या नोंदीची मागणी केवळ आंदोलकांसाठी आहे असे समजू नये.

'वैयक्तिक माहिती' ही नवी ढाल

माहिती अधिकाराच्या कलम ७(१) मध्ये एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद आहे. अर्जावर तसे ठळक लिहा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

अलीकडे मात्र एक अडचण वाढली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. तो नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट त्यामुळे जास्त मोकळी झाली. आता जन माहिती अधिकारी "ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून हात झटकू शकतो. त्याला दोन उत्तरे आहेत. जी माहिती फलकावर लावणे कलम ३७ ने सक्तीचे केले आहे ती अर्जदारापासून लपवण्यात अर्थ नाही. आणि व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे सांगणारे कलम ८(२) अजून शाबूत आहे.

नोंद म्हणजे शिक्का नव्हे

अमेरिकेतल्या अनेक काउंट्यांमध्ये आज तुरुंगात असलेल्यांची यादी शेरीफच्या संकेतस्थळावर रोज दिसते : नाव, आरोप, जामिनाची रक्कम, अनेकदा फोटोही. कुटुंबाला माणूस लगेच सापडतो. पण त्याच फोटोंवर काही खासगी संकेतस्थळांनी धंदा मांडला. आधी फोटो छापायचा आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे. निर्दोष सुटलेल्यांचे फोटोही वर्षानुवर्षे फिरत राहिले, त्यांची नोकरी आणि घर गेले. अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले.

आपल्याकडे हा धोका जातीमुळे अधिक गडद होतो. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर चारपैकी तीन कैदी कच्चे कैदी होते, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. ज्याच्यावर काहीच सिद्ध झाले नाही त्याचे नाव व्हॉट्सअॅपवर "गुन्हेगार" म्हणून फिरले तर पोलीस भरती, नोकरी, भाड्याची खोली सगळ्यावर पाणी पडते.

म्हणून आपण स्वतःलाही शिस्त लावली पाहिजे. अटकेची यादी वकील, कुटुंब आणि जबाबदार कार्यकर्ते यांच्यात ठेवावी. अल्पवयीन मुलाचे किंवा लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव कुठेही जाऊ देऊ नये, तो गुन्हा आहे. विरोधी बाजूच्या आरोपीबद्दलही "अटक झाली" एवढेच लिहावे, "दोषी" लिहू नये. सम्यक वाणीचा नियम आपल्याला न पटणाऱ्या माणसाबद्दल बोलतानाही पाळायचा असतो.

आपण काय मागायचे, काय करायचे

राज्य सरकारकडे आमच्या चार मागण्या आहेत. कलम ३७ च्या फलकावर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा आणि कोठडीचे ठिकाण लावण्याचा शासन निर्णय काढावा. ही माहिती १२ तासांत फलकावर यावी. कलम ५९ चे अहवाल नियमित पाठवले जातात की नाही याचा तालुकानिहाय आढावा जाहीर करावा. खटल्यातून मुक्त झालेल्यांची नावे डिजिटल यादीतून ठरावीक मुदतीत काढावीत. कायदा बदलायला संसद लागते, पण फलकावर एक रकाना वाढवायला मंत्रालयाचा एक आदेश पुरतो.

आणि आपले काम सरकारची वाट पाहत थांबू नये. प्रत्येक तालुक्यात दोन तरुण आणि एक वकील यांनी एक वही सुरू करावी. त्यात ठाण्याचा आणि नियंत्रण कक्षाचा क्रमांक, नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव, विधी सेवा समितीचा पत्ता आधीच लिहिलेला असावा. येत्या १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत मिरवणुकीच्या परवानगीचा विषय निघेल, तेव्हाच ही वही कोण सांभाळणार हेही ठरवा. त्याआधी एकदा शांतपणे, अर्ज घेऊन आपल्या ठाण्यात जा आणि फलक कुठे लावला आहे ते पाहून या. नसेल तर तो अर्जच तुमचा पहिला कागद ठरेल.

जय भीम.